पाळणाघरातल्या मावशी

कायद्याच्या कक्षेतल्या नोकरीत असलेल्या आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली; त्याआधी ही रजा १२ आठवड्यांची होती. २६ पैकी आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि दिवस भरत आल्यावर लोकलची गर्दी झेपेनाशी झाली की पुष्कळ जणी त्यातले काही घेतातच. म्हणजे आई कामावर परत जाते तेव्हा बाळ साधारण साडेचार ते सहा महिन्यांचं असतं. या वयाचं बाळ कुणाच्याही कडेवर जातं, कुणाकडेही बघून बोळकं पसरून हसतं. ते पाहून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मूल माणूसघाणं नाही, पाळणाघरात रुळेल!

मग सातवा-आठवा महिना लागतो आणि तेच बाळ शेजारच्या काकूंनी हात पुढे केले तरी आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. ओळखीचं कोण आणि परकं कोण हे त्याला आता कळू लागलेलं असतं. आई दाराआड गेली की ती कुठेतरी आहे हे समजतं, पण परत येईल की नाही हे समजत नाही. ही धास्ती दहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत जोरात असते आणि हळूहळू ओसरते. वाढ नीट चालल्याचीच ती खूण. घरात मात्र तिचा अर्थ ‘पाळणाघरात नक्की काहीतरी झालंय’ असा लावला जातो.

याउलट काही घरांत शिल्लक रजा, बिनपगारी रजा आणि गावाहून आलेली आजी असं सगळं जोडून ‘जरा मोठं होऊ दे, मग ठेवू’ म्हणत दहा-अकरा महिने काढले जातात. हेतू चांगला, पण मुहूर्त नेमका सर्वांत अवघड निघतो. सहाव्या महिन्यात ठेवायचं की अकराव्या, याला सर्वांना लागू पडेल असं उत्तर नाही. अकराव्या महिन्यात ठेवायचं तर तयारीला जास्त दिवस हाताशी हवेत, एवढं मात्र नक्की.

पाळणाघर बघायला आई-वडील बहुधा शनिवारी जातात. शनिवारी मुलं कमी, मावश्या निवांत आणि फरशी चकचकीत. भिंतीवर हत्ती-जिराफ, खाली रंगीत मॅट, कोपऱ्यात छोटी घसरगुंडी, छताला कॅमेरा. संचालिका मोबाइलवर ॲप उघडून दाखवतात: बाळ किती वाजता झोपलं, किती खाल्लं, सगळं कळेल. फी, वेळ, सुट्ट्या आणि जेवण विचारून झालं की मंडळी निघतात. ज्या बाईच्या मांडीवर आपलं मूल रोज आठ-नऊ तास असणार आहे, ती त्या वेळी मागे बाटल्या धूत असते. तिचं नावही बऱ्याचदा विचारलं जात नाही.

खरं तर विचारण्यासारखे पहिले दोन प्रश्न तिच्याबद्दलचेच आहेत. या मावशी इथे किती वर्षं आहेत? आणि त्यांच्याकडे एका वेळी किती मुलं असतात?

या प्रश्नांना आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेने १९९१ मध्ये दहा ठिकाणी मिळून १,३६४ मुलांचा अभ्यास सुरू केला आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. आईच्या हातून वाढलेलं मूल आणि पाळणाघरात वाढलेलं मूल यांच्यात फरक पडतो का, हा तिथेही तावातावाने भांडला जाणारा विषय होता. संशोधक पाळणाघरांत जाऊन बसले. खेळणी किती, जागा केवढी हे त्यांनी बघितलंच, पण सांभाळणारी बाई मुलाशी किती बोलते, ते रडलं की किती लवकर उठते, त्याच्या आवाजाला आवाज देते का, याच्याही नोंदी घेतल्या. जिथे हे चांगलं होतं तिथली मुलं भाषेत आणि समजेत थोडी पुढे होती. जी मुलं आठवड्यातले फार जास्त तास अशा जागी काढत होती त्यांच्यात हट्ट, मारामारी जराशी अधिक दिसली, तीही बहुतेक करून नेहमीच्या मर्यादेतली. आणि या सगळ्यापेक्षा घरातलं वातावरण, आईचं मुलाशी वागणं यांचा परिणाम मोठा निघाला. आई-मुलाचं नातं पाळणाघरामुळे आपोआप सैल होतं, असं काही आढळलं नाही.

अमेरिकेतली पाळणाघरं वेगळी, आपली वेगळी, हे खरंच. पण बाळाला उत्तर देणारं माणूस लागतं, ही गोष्ट मिशिगनमध्ये एक आणि मुलुंडमध्ये दुसरी असायचं कारण नाही.

आता संख्येचा हिशेब. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान निकष सुचवले. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक, शिवाय हाताखाली मदतनीस, असं प्रमाण आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस असावंच लागतं. दहा म्हणजे किती, हे कागदावर मांडून बघावं. नऊ तासांची मिनिटं होतात ५४०. दहा तान्ह्या मुलांचे डायपर दिवसातून चार वेळा बदलायचे आणि एका वेळेला पाच मिनिटं धरली, तर २०० मिनिटं गेली. प्रत्येकाला तीन वेळा भरवायचं, एका वेळेला पंधरा मिनिटं. ती झाली ४५०. बेरीज ६५०. कुणाला उचलून घेणं, कुणाशी बोलणं, कुणाला थोपटणं यातलं काहीही अजून सुरूच झालेलं नाही, आणि मावशींनी घोटभर चहाही घेतलेला नाही. मदतनीस नसेल तर काय होत असेल, याचं उत्तर या बेरजेत आहे. मुलं टीव्हीसमोर बसतात, बाटली उशीला टेकवून तोंडात दिली जाते आणि ओला डायपर दुपारपर्यंत तसाच राहतो. त्या बाईची माया कमी पडते म्हणून हे होत नाही. तिला दोनच हात असतात.

मंत्रालयाचे निकष मुख्यतः आस्थापनांच्या पाळणाघरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं असतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. कारखान्यांना तर १९४८ च्या कायद्यापासूनच हे बंधन आहे; त्या कायद्यात आकडा ३० हून अधिक स्त्री कामगारांचा होता. बांधकामांसाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा झाला. कायदे भरपूर आहेत, पण किती कार्यालयांत नोकरीच्या पहिल्या दिवशी मनुष्यबळ विभाग स्वतःहून ‘आपलं पाळणाघर इकडे आहे’ असं सांगतो, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावं. आईने मात्र गरोदरपणातच लेखी विचारावं. सोय नसेल तर निदान ती नसल्याचं लेखी उत्तर तरी हातात येतं.

मराठी शहरांतली पुष्कळ मुलं मात्र यांपैकी कशातच नसतात. ती असतात शेजारच्या सोसायटीतल्या काकूंकडे. बायका बँकेत, आयुर्विम्यात, टेलिफोनमध्ये, मंत्रालयात नोकरीला लागल्या तेव्हा दादर-डोंबिवलीपासून पुण्याच्या पेठांपर्यंत अशी घरगुती पाळणाघरं उभी राहिली. काकू आधी जाऊबाईंचं मूल सांभाळत, मग मजल्यावरचं एक, मग त्याच्या ओळखीतलं आणखी एक. या पाळणाघरांचं सगळ्यांत मोठं बळ म्हणजे वीस-वीस वर्षं त्याच काकू. आईला सांभाळलेल्या काकूंनी पुढे तिच्या मुलीलाही सांभाळल्याची उदाहरणं या शहरांत सापडतात. दुपारी मऊ वरणभात, वर तूप, नंतर खोलीत अंधार करून झोप, संध्याकाळी खिडकीतून गाड्या बघणं. यात शिक्षणशास्त्र नसेल, पण बाळाला जे लागतं त्यातलं पुष्कळ आहे.

उणिवाही त्याच घरात असतात. काकूंना ताप आला की पाळणाघराला ताप येतो, कारण बदली माणूस नाही. स्वयंपाकघराला दार नाही आणि ओटा चालू आहे. गॅलरीच्या गजांतून दीड वर्षाचं मूल डोकं घालू शकतं. बाथरूममध्ये भरलेली बादली आहे. दहा-अकरा महिन्यांच्या बाळाला बुडायला तेवढं पाणीही पुरतं. आणि त्या घरात दिवसभरात कोण कोण येतं-जातं? काकूंचा भाचा, भाडेकरू, दुरुस्तीवाला. हे विचारताना संकोच वाटतो, काकूंना राग येईल असंही वाटतं. तरीही विचारावं. समंजस काकू रागावत नाहीत, त्यांनी हा विचार आपल्याआधी केलेला असतो.

बघायला जायचं ते कामाच्या दिवशी, शक्य तर दोनदा: एकदा दुपारी साडेबाराच्या सुमारास, जेवणं चालू असताना, आणि एकदा साडेचार-पाचला, सगळे दमलेले असताना. आधी सांगून जाऊ नये. पालकांना कधीही आत येता येणार नाही असा नियम असेल, तर तिथून तसंच परतावं. आत गेल्यावर भिंतींकडे बघण्यापेक्षा कान उघडे ठेवावेत. मुलांच्या आवाजात मोठ्यांचा आवाज मिसळतोय का? डायपर बदलताना मावशी मुलाशी काही बोलतायत, की फरशी पुसावी तसं काम उरकतायत? एखादं मूल रडत असेल तर त्याच्यापर्यंत कोणी पोचायला किती वेळ लागतो? रडणं ऐकू आलं तर दचकू नये. आठ मुलांच्या खोलीत कोणी ना कोणी रडणारच. संपूर्ण शांत पाळणाघर जास्त काळजीचं.

कॅमेऱ्याविषयी मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण अलीकडे पालक सगळा भरवसा त्याच्यावर टाकतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघर इथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारहाण केली. मुलीच्या अंगावरच्या जखमा दिसल्यावर चित्रण तपासलं गेलं आणि तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. पोलिसांनी आयाला आणि संचालिकेला अटक केली. ती दृश्यं देशभर दाखवली गेली. त्यानंतर पाळणाघरांत कॅमेरे बसवण्याची लाट आली. पण तिथे कॅमेरा आधीपासून होता! मारहाण त्याच्यासमोरच झाली. चित्रण पुराव्याला उपयोगी पडलं, मार थांबवायला नाही. मार थांबवू शकली असती ती खोलीतली दुसरी मोठी व्यक्ती. म्हणून कॅमेरा आहे का, यापेक्षा एकट्या बाईकडे मुलं कधी सोपवली जातात का आणि किती वेळ, हे विचारलेलं बरं.

आता रुळण्याकडे वळू. आपल्याकडचा रिवाज असा: सोमवारी रजा संपते, सोमवारीच बाळ पाळणाघरात. मावशी खेळणं दाखवून त्याचं लक्ष वेधतात आणि आई चप्पल हातात घेऊन सटकते. रडणं वाचतं, असा समज. प्रत्यक्षात बाळाला एवढंच कळतं की आई न सांगता नाहीशी होऊ शकते, आणि मग ते घरीही तिला स्वच्छतागृहात जाऊ देत नाही.

ब्रिटनमधल्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६९ मध्ये जॉन नावाच्या सतरा महिन्यांच्या मुलावर माहितीपट केला. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात, म्हणून जॉन नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात राहिला. तिथल्या मुली प्रेमळ होत्या, प्रशिक्षण घेत होत्या, कुणीही त्याला वाईट वागवलं नाही. पण त्यांना कामं वाटून दिलेली होती, मुलं नव्हे. एकीने आंघोळ घातली, दुसरीने भरवलं, तिसरीने झोपवलं, पाळी बदलली की सगळ्या बदलल्या. जॉनने पहिले दोन-तीन दिवस एकेकीला आपलंसं करायचा प्रयत्न केला. मग तो खेळेना, खाईना, मोठ्या टेडीला बिलगून पडून राहू लागला, आणि नवव्या दिवशी आई आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. पाळणाघरातलं मूल रोज संध्याकाळी घरी जातं, त्यामुळे जॉनची गोष्ट त्याला जशीच्या तशी लागू होत नाही. तरी एक धडा थेट आहे. आपल्या बाळाची म्हणून एक ठरलेली मावशी हवी. घेणारी, भरवणारी, झोपवणारी शक्यतो तीच.

जर्मनीतल्या पाळणाघरांत मूल रुळवण्याची ठरलेली रीत आहे. बर्लिनमध्ये ती १९८० च्या दशकात आकाराला आली. पहिले तीन दिवस आई किंवा वडील बाळासोबत तासभर त्या खोलीत नुसते बसतात. दूर कोणी जात नाही. बाळ खेळायला पुढे सरकतं, मागे वळून बघतं, पुन्हा सरकतं. मावशी घाई न करता त्याच्याशी ओळख वाढवते. चौथ्या दिवशी आई सांगून, निरोप घेऊन बाहेर जाते, जास्तीत जास्त अर्धा तास. बाळ रडलं आणि मावशीने शांत केल्यावर शांत झालं, तर पुढचे टप्पे लवकर. शांत झालं नाही तर आई लगेच आत, आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनी. पहिली ताटातूट सोमवारी करत नाहीत, कारण शनिवार-रविवार घरी काढून आलेलं मूल आधीच बिथरलेलं असतं. कोणाला आठवडा लागतो, कोणाला तीन.

बर्लिनमध्येच लीझेलोटे आनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा महिन्यांच्या सत्तर मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजलं होतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आई पाळणाघरात सोबत असेपर्यंत, तिच्याशी घट्ट नातं असलेल्या मुलांत ते कमी होतं. ती जाऊ लागल्यावर सगळ्यांचंच वाढलं, घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी. अगदी हसतखेळत बसलेल्या मुलालाही हा बदल अंगावर घ्यावा लागतो. म्हणून तर दिवसभर ‘अगदी शहाण्यासारखं राहिलं’ असं मावशी सांगतात आणि घरच्या दारात पाऊल टाकताच मूल भोकाड पसरतं. तो राग आईवरचा नसतो, मावशीवरचाही नसतो. आपल्या माणसासमोर सगळं सोडून देता येतं, म्हणून ते सोडून देतं. संध्याकाळचा पहिला अर्धा तास कुकर न लावता त्याच्यासोबत जमिनीवर बसलं तर रात्र बरी जाते.

आपल्याकडे तीन आठवडे कोण देणार? कोणी नाही. पण रजा संपायच्या दहा-बारा दिवस आधी, एखाद्या बुधवारी सुरुवात करणं पुष्कळांना जमण्याजोगं आहे. हे काम बाबांनी करायला तर काहीच हरकत नाही. केंद्र सरकारी नोकरांना पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा असते आणि ती बाळाच्या सहा महिन्यांपर्यंत घेता येते. बारशाच्या धावपळीत न संपवता ती इथे लावली, तर तिचं सोनं होईल. निरोप छोटा, रोज तोच आणि खरा असावा. ‘येते हं, संध्याकाळी खिचडी खाल्लीस की येते,’ आणि निघावं. दारात तीनदा वळून बघणाऱ्या आईचं मूल जास्त रडतं, हे कोणत्याही मावशींना विचारावं. सोबत आईचं वापरलेलं, न धुतलेलं एखादं ओढणीचं दुपटं द्यावं.

झोपेबद्दल एक गोष्ट मावशींना पहिल्याच दिवशी, स्पष्ट सांगायची: एक वर्षाखालच्या बाळाला पाठीवरच झोपवायचं. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, झोपेत अचानक दगावलेल्या तान्ह्या मुलांपैकी सुमारे २० टक्के मृत्यू पाळणाघरांत घडलेले आढळले, आणि त्यातले जवळजवळ एक तृतीयांश पहिल्याच आठवड्यात. घरी पाठीवर झोपायची सवय असलेलं बाळ तिथे पालथं झोपवलं जाणं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. ‘पालथं घातलं की गाढ झोपतं’ हे आपल्याकडच्या आजीही सांगतात. गाढ झोपतं, तिथेच धोका आहे. बिछान्यात मऊ उशा, जाड गोधडी नको.

खाण्याचं बघायचं तर शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत डब्यात नकोत. श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तूंमध्ये आपल्या देशात शेंगदाणा अगदी वरच्या क्रमांकावर असतो. मध वर्षाच्या आत चाटवू नये, कितीही शुद्ध असला तरी. काढून ठेवलेलं आईचं दूध साधारण पंचवीस अंशांपर्यंत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. मराठवाडा-विदर्भाच्या एप्रिलमध्ये ते बाहेर ठेवायचा विचारही करू नये. बाटलीवर नाव आणि वेळ लिहावी, आणि जमलं तर वाटी-चमच्याने पाजायला सांगावं.

आजारपणाची मात्र मनाची तयारी हवी. लहान मुलांना वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे एरवीचंच. पाळणाघराच्या पहिल्या वर्षी आकडा आणखी वर जातो. पावसाळ्यात हात, पाय आणि तोंडावर फोड आणणारा विषाणू एका मुलाला झाला की आठवड्याभरात निम्म्या खोलीला होतो. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात बाराशेहून अधिक मुलांचा आठ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा अडीच वर्षांच्या आत मोठ्या पाळणाघरात गेलेली मुलं सुरुवातीला जास्त आजारी पडलेली दिसली, पण शाळेत गेल्यावर इतरांपेक्षा कमी. आजारपणाचा हप्ता आधी भरला जातो, एवढंच. रात्री दोन वाजता नेब्युलायझर धरून बसलेल्या आईला याने काही दिलासा मिळत नाही, ते वेगळं.

काही पालकांची एक युक्ती सर्व पाळणाघरांना ठाऊक असते. सकाळी ताप असताना पॅरासिटामॉलचा डोस देऊन मूल सोडायचं. साडेबाराला औषध उतरतं आणि मीटिंगमध्ये फोन वाजतो. यात पालकांची अडचण खरी आहे, रजा उरलेल्या नसतात. पण तोवर बाकीच्या नऊ जणांना आजार पोचलेला असतो. पाळणाघराचा आजारपणाचा नियम कडक असेल तर चिडण्याऐवजी ती जागा निवडावी. तिथे डायपर बदलायची जागा आणि स्वयंपाकाची जागा वेगळी आहे का, मध्ये साबण आहे का, तेही बघून घ्यावं. लसीकरणाचं कार्ड कोणी मागितलंच नाही, तर इतरांचंही मागितलं गेलेलं नसणार.

मूल न्यायला कोण येऊ शकतं याची लेखी यादी असावी, आणि ‘मी त्याचा मामा’ म्हणणाऱ्याला यादीत नाव नसेल तर मूल देऊ नये. गुडघा, नडगी, कपाळ यांवरचं खरचटणं चालत्या मुलाचं नेहमीचं. पाठ, कान, मान, मांडीची आतली बाजू यांवरचे वळ, किंवा अजून न रांगणाऱ्या बाळाच्या अंगावर कुठेही काळंनिळं, याचं कारण त्याच दिवशी विचारलं पाहिजे आणि डॉक्टरांना दाखवलं पाहिजे. विशिष्ट माणूस दिसला की मूल थिजत असेल तर तेही हसण्यावारी नेऊ नये. लैंगिक छळाचा संशय आल्यास तो पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात पाळणाघराची संचालिकाही आली. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

हे सगळं पाहून, विचारून झालं तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो पालक क्वचितच विचारतात: फीमधले किती पैसे मावशींना मिळतात? महिन्याला आठ-दहा हजारांवर काम करणारी बाई दोन हजार जास्त मिळाले की दुसरीकडे जाणार, आणि जावंही. तिच्याबरोबर बाळाची सहा महिन्यांची ओळखही जाते आणि रुळण्याचे सगळे टप्पे पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी गाणी आणि आठवड्याचं वेळापत्रक यांवर भरपूर फी घेणारी जागा माणसांवर कमी खर्च करत असेल, तर ते दर चार महिन्यांनी बदलणाऱ्या चेहऱ्यांवरून कळतं.

आणि मावशींचं स्वतःचं मूल कुठे असतं? कष्टकरी घरांतल्या मुलांबद्दलचा हा प्रश्न जुनाच आहे. तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना पाहिलं की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटजवळच्या बांधकामावर मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी फिरतं पाळणाघर सुरू केलं. १९७२ पासून ते काम मुंबईतल्या बांधकामांवरही आलं. शहरातल्या घरकाम करणाऱ्या आणि मुलं सांभाळणाऱ्या बायकांपर्यंत मात्र असं फारसं काही पोचलं नाही. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. उद्दिष्ट १७,००० केंद्रांचं आहे. तिथली वेळ दिवसाला साडेसात तास. पाळणाघरातल्या मावशींची पाळी मात्र सकाळी आठला सुरू होते आणि शेवटचं मूल जाईपर्यंत, म्हणजे ठाण्याहून येणारी लोकल उशिरा असेल तर रात्री आठपर्यंत, संपत नाही. उशीर होणार असेल तर निदान पाच वाजताच फोन करून तसं सांगावं, आणि त्या जादा तासाचे पैसे संचालिकेच्या खात्यात न जाता मावशींच्या हातात पडतात का, हे फी ठरवतानाच विचारून घ्यावं.